वीजबिलाचा शोधनिबंध

दरवर्षी १५ ऑक्टोबर जवळ आला की नाशिकमध्ये एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो: पासष्ट टक्के. त्या तारखेला मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर गंगापूर-दारणासारख्या वरच्या धरणांमधून खाली पाणी सोडायचं. हे सूत्र २०१३ च्या मेंढेगिरी समितीच्या अहवालातून आलं आणि तेव्हापासून नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा वाद मोजमापाच्या भाषेत लढला जातो. मोर्चे निघतात, कोर्टात तारखा पडतात, पण शेवटी सगळे येऊन थांबतात ते टीएमसीवर, म्हणजे अब्ज घनफुटांवर. या सूत्राचा फेरआढावा घेण्यासाठी सरकारने २०२३ मध्ये अभ्यासगट नेमला, तेव्हा त्याचं अध्यक्षपद नाशिकच्याच एका संस्थेच्या महासंचालकांकडे गेलं. ती संस्था म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, अर्थात ‘मेरी’.

बहुतेक नाशिककरांसाठी मेरी म्हणजे दिंडोरी रोडवरचा एक स्टॉप. १९५९ पासून ही संस्था तिथे आहे. धरणात गाळ किती साचला, सांडव्यावरून पाणी कसं उसळेल, बांधाची माती कितपत भार सोसेल, असल्या प्रश्नांवर तिथे काम चालतं. दिंडोरी-कळवण-सुरगाण्याकडे जमीन जराशी थरथरली की पत्रकारांचे फोन पहिले मेरीलाच जातात. थोडक्यात, अर्ध्या महाराष्ट्राला ज्यांच्या आकड्यांवर भरवसा ठेवावा लागतो, अशी ही माणसं.

मोजणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनी स्वतःलाही मोजावं, ही कल्पना मात्र जगभरात तशी अलीकडचीच आहे. हवामानबदलावर शेकडो निबंध लिहिणाऱ्या विद्यापीठांना, आपल्याच छपराखाली किती कोळसा जळतो हा प्रश्न फार उशिरा पडला. उत्तर काही गुप्त नव्हतं. दर महिन्याला ते लखोट्यात घालून येत होतं आणि लेखा विभागात फाइलला लागत होतं.

जर्मनीत हायडेलबर्गला माक्स प्लांक खगोलशास्त्र संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी आपल्याच संस्थेचा २०१८ चा हिशेब मांडून २०२० मध्ये प्रसिद्ध केला. दर संशोधकामागे वर्षाला सुमारे १८ टन कार्बन डायऑक्साइड, आणि त्यातला जवळजवळ निम्मा विमानप्रवासाचा. परिषदा, दुर्बिणींच्या वाऱ्या, समितीच्या बैठका. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या खगोलशास्त्रज्ञांनीही बेरीज केली. तिथे माणशी आकडा ३७ टनांच्या घरात गेला आणि गुन्हेगार निघाला महासंगणक. कारण साधं होतं: तो ज्या विजेवर चालतो ती मुख्यतः कोळशाची. आकाशाकडे बघण्याचा उद्योग तोच, पण दोन देशांतली रोगाची जागा वेगळी. हायडेलबर्गच्या मंडळींनी तर मोठी गणनयंत्रं आइसलँडसारख्या थंड आणि स्वच्छ विजेच्या देशात हलवावीत, असंही सुचवून टाकलं. फ्रान्समध्ये २०१९ साली ‘लाबोज वन पॉइंट फाइव्ह’ नावाची चळवळच उभी राहिली. तिने प्रयोगशाळांना स्वतःचा हिशेब करायची सामाईक रीत बांधून दिली.

नाशिकची अवस्था या बाबतीत ऑस्ट्रेलियाच्या जवळची. नाशिकरोडच्या पलीकडे एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र आहे, २१० मेगावॉटचे तीन संच. भारतातल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे इथल्या कुठल्याही संस्थेने हिशेबाला सुरुवात करायची तर विमानाच्या तिकिटांऐवजी वीजबिलापासून करावी. नाशिकच्या प्राध्यापकाच्या वाट्याला परदेशी परिषद वर्षा-दोन वर्षांतून एखादी; पंखा मात्र रोज.

पंख्याचंच गणित घ्या. जुना छताचा पंखा ७५ वॉट खातो, नव्या बीएलडीसी मोटरचा तीसच्या आत-बाहेर. पाचशे पंख्यांची संस्था, दिवसाला आठ तास, वर्षाला दोनशे दिवस धरले तर वाचतात सुमारे ३६,००० युनिट. कार्बनच्या भाषेत २५ टन. वाढलेलं झाड वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं धरलं, तर हे बाराशे मोठ्या झाडांचं काम झालं. रोपांचं नव्हे, मोठ्या झाडांचं. पाचशे पंखे बदलायला एक उन्हाळी सुट्टी पुरते. बाराशे झाडं तेवढी व्हायला वीस वर्षं.

तरीही संस्थांचा ओढा झाडांकडेच असतो. झाडाचा फोटो निघतो, पंख्याचा निघत नाही. त्यात महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या ‘नॅक’चं मूल्यांकन. त्याच्या सातव्या निकषात पर्यायी ऊर्जा, कचरा, पाणी, हरित परिसर असे मुद्दे आहेत आणि ते असणं चांगलंच आहे. पण समिती यायच्या आधीचा पंधरवडा कोणी पाहिला असेल त्याला कुंड्यांचा टेम्पो, झाडांना अडकवलेल्या शास्त्रीय नावांच्या पाट्या आणि घाईघाईने बसवलेलं ‘कृपया पाणी वाया घालवू नका’ हे सगळं ओळखीचं आहे. ‘ग्रीन ऑडिट’चा अहवाल बाइंडिंग होऊन येतो. तो पुन्हा उघडला जातो तो पुढच्या समितीच्या वेळी. विद्यापीठ अनुदान आयोगाने पर्यावरणस्नेही परिसरांसाठी ‘सतत’ नावाची चौकटही आणली. नाव नेमकं आहे. अडचणही नेमकी तिथेच आहे.

झाडांना कमी लेखायचं कारण नाही, नाशिकमध्ये तर नाहीच. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा, २०२५ च्या अखेरीस, हे शहर रस्त्यावर उतरलं. आणि झाडं कशी लावावीत याचा धडाही शहरातच आहे. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर ‘आपलं पर्यावरण’ संस्थेने २०१५ च्या पर्यावरण दिनी लोकसहभागातून ११,००० रोपं लावून नाशिक देवराई सुरू केली. तिथली कसोटी लावण्याची नव्हतीच, पुढच्या उन्हाळ्यांची होती. देशी जाती, उन्हाळाभर पाणी, वणव्यापासून राखण, हे सगळं वर्षानुवर्षं करावं लागतं. शैक्षणिक परिसरात एरवी गिरिपुष्प आणि गुलमोहर झटपट हिरवं दाखवतात म्हणून लावले जातात. गिरिपुष्पाखाली दुसरं फारसं काही उगवत नाही, पक्षीही त्याच्याकडे पाठ फिरवतात. पण समितीला हिरवं दिसतं.

खरी गंमत इमारतीच्या आत आहे.

जीवशास्त्राच्या कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत कपाटाएवढा एक डीप फ्रीझर असतो. आत उणे ८० अंश. दार उघडलं की पांढरी वाफ खाली उतरते, कप्प्यांच्या कडांना बोटभर बर्फ धरलेला असतो, आणि डब्यांवरची मार्करची अक्षरं पुसट झालेली. त्यातले निम्मे डबे ज्यांचे, ते पीएचडी करून केव्हाच गेलेले असतात. असा जुना फ्रीझर दिवसाला वीसेक युनिट खातो, म्हणजे महिन्याला शे-दीडशे युनिट जाळणाऱ्या चार-पाच घरांइतकी वीज. तापमान उणे ८० ऐवजी उणे ७० ठेवलं तर जवळपास तीस टक्के वीज वाचते आणि बहुतेक नमुन्यांना त्याने काही होत नाही. अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठाच्या मंडळींनी उणे ७० ला वर्षानुवर्षं नीट राहिलेल्या नमुन्यांची यादीच करून ठेवली आहे. याला नवं यंत्र लागत नाही, निविदा लागत नाही. बर्फ खरवडायचा, बेवारस डबे काढायचे आणि एक बटण दाबायचं. पण ते बटण दाबायचा अधिकार कोणाचा, यावर विभागीय बैठकीत तासभर जाऊ शकतो. नमुने खराब झाले तर जबाबदार कोण, असं कोणीतरी विचारतं आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो.

रसायनशास्त्रात हीच जागा फ्यूम हूडची. विषारी वाफा ओढून बाहेर टाकणारी काचेच्या तावदानाची ही पेटी खोलीतली हवाही अखंड उपसत असते. खोली वातानुकूलित असेल तर पैसे देऊन गार केलेली हवा थेट गच्चीवर जाते. हार्वर्डमध्ये त्यावर उपाय म्हणून तावदान खाली ओढण्याची स्पर्धा लावली, जिंकणाऱ्या प्रयोगशाळेला पार्टी. एकट्या रसायन विभागात त्यातून वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर बचत झाली. हवेचा झोत तावदानाप्रमाणे कमी-जास्त होणारी यंत्रणा असेल तरच हे जमतं, हेही खरं. आपल्याकडे अनेक कॉलेजांत हूडचा पंखा एक तर पूर्ण चालू, नाहीतर बंद पडलेला.

पाण्याची उधळपट्टी जास्त घरगुती आहे. गाळण लवकर व्हावी म्हणून नळाला ॲस्पिरेटर लावतात. नळ धो-धो सोडला की पाण्याच्या वेगाने हवा ओढली जाते आणि निर्वात तयार होतो. अर्ध्या तासाच्या गाळणीत शे-दोनशे लिटर स्वच्छ पाणी मोरीत. कंडेन्सर गार ठेवायला तसंच, डिस्टिल्ड पाणी करायला तसंच. याच्यावरचा देशी उपाय कितीतरी लॅब असिस्टंटनी स्वतःहून शोधलेला आहे: बादलीत बर्फाचे खडे, त्यात कूलरची छोटी मोटर, आणि तेच पाणी नळीतून फिरत राहतं. खर्च काहीशे रुपये. अशा माणसाचं नाव शोधनिबंधाच्या आभारातही क्वचित येतं, पण धरणातलं पाणी वाचवण्यात त्याचा वाटा एखाद्या परिसंवादापेक्षा नक्की मोठा आहे. ज्या शहरात दरवर्षी दोन-चार टीएमसीवरून रान पेटतं, तिथल्या प्रयोगशाळेत उघडा नळ शोभत नाही.

मग प्लास्टिक. इंग्लंडमधल्या एक्झेटर विद्यापीठातल्या तिघांनी आपल्या विभागाचा कचरा तोलला आणि त्यावरून जगाचा अंदाज बांधला: जैव-वैद्यकीय संशोधनातून वर्षाला सुमारे ५५ लाख टन प्लास्टिक. हा अंदाज २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे, पण तिचा रोख पिशव्या आणि ताट-वाट्यांवर. पिपेटच्या टिपा, पेट्री डिश, हातमोजे हे एकदा वापरायचं आणि लाल पिशवीत टाकायचं. संसर्गाच्या कामात दुसरा इलाज नाही. मात्र साधं बफर बनवायला, रंग मिसळायला काचेचं चालतं. फक्त ती काच धुणारा माणूस लागतो. परिचराची पदं वर्षानुवर्षं भरली जात नाहीत, म्हणून प्लास्टिक वाढतं. पर्यावरणाचा हा प्रश्न मुळात आस्थापनेचा आहे, असं कोणी म्हटलं तर ते खोडून काढणं अवघड.

जिन्याखाली काय असतं? दांडी तुटलेल्या खुर्च्या, जाड पाठीचे मॉनिटर, लाल रंगात ‘डेड स्टॉक’ क्रमांक घातलेली यंत्रं. वस्तू मेली तरी रजिस्टरात जिवंत असते. निर्लेखन समिती बसल्याशिवाय तिची सुटका नाही आणि समिती बसत नाही. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार यातला ई-कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच जायला हवा. तोवर त्यावर धूळ बसते आणि नवा संगणक नव्या प्रकल्पातून येतो.

नाशिकजवळ एक मोठी संस्था मात्र अशी आहे, जिच्या रचनेतच बचत मुरलेली आहे, आणि ती पर्यावरणासाठी योजलेली नव्हती. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ ला स्थापन झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू, ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनजवळ, खडकाळ माळावर त्याचं मुख्यालय उभं राहिलं. माळ हिरवा झाला, आणि पाहुण्यांना तेच आधी दाखवलं जातं. पण विद्यापीठाची खरी हिरवाई त्या आवारात दिसणारच नाही. ती न बांधलेल्या इमारतींमध्ये आहे. लाखो विद्यार्थी आणि त्यांच्यासाठी वसतिगृहं नाहीत, वर्गखोल्यांच्या रांगा नाहीत. अभ्यासकेंद्रं गावोगावच्या आधीच उभ्या असलेल्या कॉलेजांत भरतात, बरीचशी रविवारी. एरवी कुलूपबंद राहिली असती ती खोली, तो फळा, तोच पंखा.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात रॉबिन रॉय आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याचं मोजमाप केलं. दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला, तेवढ्याच श्रेयांकांच्या नेहमीच्या कॅम्पसवरच्या अभ्यासक्रमापेक्षा सरासरी ८७ टक्के कमी ऊर्जा लागते आणि कार्बन डायऑक्साइड ८५ टक्के कमी पडतो, असं निघालं. विद्यार्थ्यांचं रोजचं येणं-जाणं, त्यांची वेगळी राहायची सोय आणि कॅम्पसचा वापर, यांतलं बरंचसं वाचतं म्हणून एवढा फरक पडतो. छापील पुस्तकांच्या जागी संगणक आणल्याने मात्र फायदा किरकोळच वाढला. तिकडचे आकडे इथे जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. तिथे घर तापवायला लागतं, इथे नाही. तिथला विद्यार्थी मोटारीने येतो, इथला एसटीने किंवा तिघं मिळून एका मोटरसायकलवर. पण दिशा तीच राहते. नोकरी, शेती, चूल सांभाळून शिकणाऱ्यांसाठी केलेली सोय पृथ्वीलाही स्वस्त पडली. दुसरीकडे, प्रतिष्ठेचं म्हणून जे नवं संकुल आज बांधलं जातं, त्याला पश्चिमेकडे काच असते आणि मग ती काच थंड ठेवायला एसी. नाशिकची संध्याकाळ मोकळ्या खिडकीसाठी प्रसिद्ध, आणि खिडकी उघडत नाही.

नेहमीच्या कॅम्पसला मुक्त विद्यापीठ होता येणार नाही, हे उघड आहे. प्रयोग घरी होत नाहीत. पण येण्या-जाण्याचा भार तरी हलका करता येतो. मुक्त विद्यापीठ गोवर्धनला, आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, खासगी संकुलं त्र्यंबक रोडला, म्हणजे शहराच्या कडांना संस्था आणि मधोमध कर्मचारी. सिटीलिंकची बससेवा ८ जुलै २०२१ ला सुरू झाली, सीएनजी आणि डिझेल मिळून अडीचशे बसचं नियोजन. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या टायरवर धावणाऱ्या ‘मेट्रो निओ’साठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. बस धावते आहे. मेट्रोचे खांब अजून कोणी पाहिलेले नाहीत. संस्थेच्या हातात तासिकांचं वेळापत्रक असतं. बसच्या वेळा आणि पहिल्या तासाची वेळ जुळवणं ही काही कोट्यवधींची योजना नाही.

पर्यावरणासाठी न योजलेल्या बचतीचं आणखी एक उदाहरण: पुणे-नाशिक महामार्गावरच्या नारायणगावजवळ, खोडदला राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या अभियंत्यांनी तबकडीला भरीव पत्रा लावायचं टाळलं. दोरांनी ताणलेल्या बारीक तारांची जाळी पुरे, असं त्यांनी ठरवलं. ज्या लांबीच्या रेडिओ लहरी पकडायच्या, त्यांना ती छिद्रं दिसतच नाहीत. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाड्याला पोलाद कमी लागतं आणि फिरवायला छोटी मोटर चालते. हे सगळं खिसा बघून केलं होतं. ‘कार्बन पदचिन्ह’ हा शब्द तेव्हा कोणाच्या प्रस्तावात नव्हता. आणि ती तीस तबकड्यांची रचना जगभरचे शास्त्रज्ञ वेळ मागून वापरतात, प्रत्येकाने आपली बांधलेली नाही. हीच गोष्ट प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्रांनाही लागू आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये त्यासाठी ‘आय-स्टेम’ पोर्टल सुरू केलं आणि २०२२ मध्ये उपकरणं वाटून वापरण्याची ‘श्रीमान’ मार्गदर्शक तत्त्वं आणली. तरी विभागाला स्वतःचं यंत्र हवंच असतं. पुण्याला नमुना पाठवून आठवडाभर थांबण्यापेक्षा शेजारच्या खोलीत वर्षातून चाळीस दिवस चालणारं यंत्र बरं वाटतं.

गाडी अडते ती इच्छेपाशी नाही, लेखाशीर्षापाशी. वर उल्लेखलेल्या पाचशे पंख्यांना नगाला तीन हजार धरले तर पंधरा लाख लागतात. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला ३ लाख ६० हजार वाचतात. चार-सव्वाचार वर्षांत पैसे वसूल. घरात कोणीही हा व्यवहार करील. पण संस्थेत पंखे भांडवली खर्चातून येतात आणि वीज आवर्ती खर्चातून जाते. खर्च करणारा एक, वाचलेले पैसे दुसऱ्याच्या खात्यात, आणि पुढच्या वर्षी वीज कमी जळाली म्हणून त्या शीर्षातली तरतूदच कापली जाते. प्रकल्पाच्या अनुदानात नवं यंत्र बसतं, जुन्याची दुरुस्ती बसत नाही. निविदेत एल-वन, म्हणजे सर्वांत कमी किमतीचा, जिंकतो. दहा वर्षांत तो किती वीज पिईल हे तुलनात्मक तक्त्यात नसतं. छतावरच्या सौर पॅनलनी यातून वाट काढली, कारण तिथे कंपनी स्वतःच्या पैशाने पॅनल बसवते आणि संस्था ठरलेल्या दराने युनिट विकत घेते. पंखे, फ्रीझर, तावदानं यांना असा सावकार अजून फारसा भेटलेला नाही.

आणि बहुतेक आवारात उच्चदाबाची एकच जोडणी असते, एकच मीटर, एकच बिल. कोणत्या विभागाने किती जाळली, हे कुलगुरूंनाही सांगता येत नाही. विभागवार सबमीटर काही हजारांत बसतो. साधारण दिवाळीनंतर पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी विभागांकडून मागण्या मागवणारं परिपत्रक निघतं. त्यात यंत्रसामग्री, फर्निचर, रसायनं, पुस्तकं, संगणक असे रकाने असतात. सबमीटर हवा असेल तर तो ‘इतर’मध्ये लिहावा लागतो.